घरच्या कंप्युटरला दोन पाणकर

नवेगाव बांध
१२ ऑगस्ट २००८

चि. पुष्पांजली,

मामाचा आशीर्वाद. धानाची रोवणी आटोपली, तलाव भरत आला आहे, तुझ्या मामीचे गुडघे नेहमीप्रमाणे कुरकुरतात. तुझ्या आईला सांग की तिचा भाऊ जिवंत आहे.

आता कामाचे. घरी कंप्युटर आला आहे. समोरच्या खोलीत ठेवला आहे आणि टेलिफोनची लाईन लावून इंटरनेटही घेतले आहे. महिनाभर सारे ठीक होते. मग स्टुडिओवाल्याने गावातल्या एका लग्नाचे फोटो पेनड्राईव्हमध्ये घालून दिले, ते पाहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून कंप्युटरमधल्या प्रत्येक कप्प्याच्या, ज्याला ते फोल्डर म्हणतात, त्याच्या पोटात त्याच नावाचा दुसरा कप्पा उगवू लागला. कंप्युटर गोंदियाच्या मुन्नालालच्या दुकानातला. त्याला फोन केला तर म्हणाला, "चाचाजी, वायरस है, एंटीवायरस डलवाना पड़ेगा." मी गोंदियाला जाऊन आलो. त्याने तीन प्रकारच्या पेट्या दाखवल्या आणि तिन्ही एक नंबर असल्याचे सांगितले. मी विचारले, हे व्हायरस बनवतो कोण? तर हसला. तिथेच माझा संशय बळावला.

तू कॉलेजात कंप्युटरची खोली सांभाळतेस, तुला आतले माहीत असेल. विषाणू सोडणारे आणि औषध विकणारे एकाच घरचे तर नाहीत? इटियाडोह धरणाच्या कालव्यावर उभी नोकरी काढली मी. रात्री जो पाट फोडायचा, तोच सकाळी बुजवायच्या मजुरीला सगळ्यात आधी हजर असायचा. काही औषधे फुकट मिळतात असेही ऐकले. फुकट पहारा देणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. त्याचे पोट कुठून भरते ते कळव.

माझा विचार असा आहे. आपल्या गावच्या तलावाला पूर्वापार दोन पाणकर असतात हे तुला माहीतच आहे. पाणी वाटायचे काम एकट्याच्या हाती दिले तर तो आपल्या भावकीकडे जास्त सोडतो, म्हणून एक गावाच्या वरच्या टोलीतला आणि एक खालच्या टोलीतला. दोघांची नजर एकमेकांच्या हातावर. आपल्या कोहळी वाडवडिलांनी तलाव बांधला तेव्हाच ही अक्कलही बांधून ठेवली. तसे कंप्युटरला दोन पहारेकरी बसवले तर?

उत्तर पाकिटातून पाठव, कार्डावर नको. फोन करू नकोस, आमचा फोन ओसरीत आहे आणि ओसरीला कान फार. ई-मेलवर माझा भरवसा नाही. पाकीट मी स्वतः पोस्टात जाऊन घेईन.

तुझा मामा
देवचंद

*

नागपूर
२० ऑगस्ट २००८

ती. मामांना नमस्कार,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, देवचंददादा रिटायर झाला पण कालव्यावरून घरी आला नाही.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. विषाणू करणारे वेगळे, औषधवाले वेगळे. तुम्ही मानणार नाही, पण तसंच आहे. फुकटवाल्याचं पोट असं भरतं की साधा पहारा तो फुकट देतो आणि ज्यांना जास्त हवं असतं त्यांच्याकडून पैसे घेतो. घरच्या कंप्युटरला साधा पुरतो. मुन्नालालच्या पेटीतला घेतला तरी चालेल, फक्त ती खरी पेटी असावी, कोणाच्या सीडीवरून उतरवलेली नको. कोणताही घ्या, पण रोज अपडेट होऊ द्या. बाहेरचा पेनड्राईव्ह आधी तपासून मग उघडा. आणि घरात जो जो कंप्युटर वापरतो त्याचं वेगळं खातं करा, ज्याचा त्याचा पासवर्ड ज्याच्या त्याच्याजवळ.

दोन मात्र अजिबात बसवू नका. तलावाचं ठीक आहे, पण ही जात अशी की दुसऱ्याला चोर समजते. दोघं दिवसभर एकमेकांचीच मानगूट धरून बसतात आणि कंप्युटर मधल्यामध्ये मरतो.

आता माझा एक प्रश्न. कंप्युटर प्रेमिलावहिनीला तिच्या भावानं दिला, हे लिहायचं तुम्ही विसरलात. तिनं वर्षभराचा कोर्स केला आहे. हे सगळं ती तुम्हाला घरच्या घरी सांगू शकली असती. घरात जाणती सून असताना नागपूरला पाकीट कशासाठी?

मामीला गुडघ्यांचं तेल पाठवते आहे.

तुमची
पुष्पांजली

*

नवेगाव बांध
७ सप्टेंबर २००८

चि. पुष्पांजली,

तेल मिळाले. पाकीट चिकटवलेल्या जागी जरा सुटलेले वाटले, पण पोस्टमास्तर म्हणाले दमटपणाने होते. असो.

तू रागावू नकोस, एक सांगून टाकतो. तुला लिहिले तेच पत्र मी माझ्या जुन्या सोबत्याच्या मुलालाही रायपूरला लिहिले होते. तोही याच लाईनमध्ये आहे. त्याने जवळपास तू लिहिलेस तेच लिहिले. आधी वाटले तुम्ही एकमेकांना ओळखता. चौकशी केली, ओळखत नाही. तेव्हा फुकटवाला बसवला. उगवलेले कप्पे गेले.

तू विचारलेस सुनेला का नाही विचारले. विचारले असते. पण ज्याच्या हाती चावी असते त्यालाच कुलपाविषयी विचारायचे नसते, ही माझी नोकरीतली सवय. शिवाय तुझ्या त्या सल्ल्याचे काय झाले पाहा. वेगवेगळी खाती करा म्हणालीस, ती तिने त्याच दिवशी करून टाकली. जणू वाटच पाहत होती. आता तिच्या खात्याचा पासवर्ड तिच्याजवळ. नवरा वीरेंद्र नोकरीला भिलाईला, आणि इथे घरात कुलूप. दुपारी भांडी आटोपली की ती समोरच्या खोलीत बसते, दार लोटून घेते. मी पाणी प्यायच्या निमित्ताने गेलो तर पडद्यावरचे चटकन लहान करते. काय करतेस विचारले तर म्हणते, "काही नाही जी, सराव करून रायली." कोर्स झालेल्या बाईला कसला सराव?

म्हणून विचारतो. कंप्युटरवर कोण किती वेळ बसले, काय उघडले, कोणाला लिहिले, हे गुपचूप टिपून ठेवणारा पहारेकरी मिळतो का? बाहेरची पोरे येत-जात असतात, त्यांच्यासाठी हवा आहे.

मामी आशीर्वाद सांगते.

तुझा मामा
देवचंद

*

नागपूर
१५ सप्टेंबर २००८

ती. मामा,

बाहेरची कोणती पोरं? तुमच्या ओसरीच्या पुढे मांजर यायचं तरी दोनदा विचार करतं.

सरळ विचारते, तुम्हीही सरळ सांगा. चोर बाहेरचा की घरचा? तुम्ही म्हणता तसले पहारेकरी मिळतात. त्यांची नावं मला माहीत आहेत आणि मी ती तुम्हाला सांगणार नाही. रायपूरच्या मुलानं सांगितली तर त्याच्याशी मी बोलेन.

एक गोष्ट तुमच्या ध्यानात असू द्या. वीरेंद्रदादाला भिलाईला क्वार्टर मिळालं त्याला आता दोन वर्षं होतील. तो तिथे डबा खातो आणि वहिनीला ये म्हणतो. ती येत नाही, कारण मामीच्यानं चुलीपुढे बसवत नाही आणि तुम्ही दुसऱ्याच्या हातचा चहासुद्धा हुंगून पिता. ती तुमच्यासाठी थांबली आहे, मामा. ती गेली तर त्या घरात काय उरेल याचा विचार करा.

आणि कंप्युटरच्या बाबतीत एक ताकीद. इंटरनेट चालू असताना एखादी लाल खिडकी आपोआप उघडेल आणि म्हणेल की तुमच्या कंप्युटरमध्ये इतके इतके चोर आहेत, इथे दाबा. दाबू नका. खिडकी बंद करा आणि वहिनीला हाक मारा.

पुष्पांजली

*

नागपूर
२ नोव्हेंबर २००८

ती. मामा,

दीड महिना झाला, तुमचं पत्र नाही. माझ्या शब्दांनी दुखावला असाल तर माफ करा, पण शब्द मागे घेत नाही. परवा दिवाळीचा म्हणून फोन केला तर मामी एवढंच म्हणाली, "बरे आहो," आणि रिसिव्हर ठेवला. वहिनी फोनवर आली नाही. भाऊबीजेला तिचा भाऊ येणार होता, तो आला का? गावची मंडईची जत्रा झाली का? काय चाललं आहे ते कळवा. आईला झोप नाही.

पुष्पांजली

*

नवेगाव बांध
११ नोव्हेंबर २००८

चि. पुष्पांजली,

धान कापणीला आले आहे, म्हणून उशीर झाला असे लिहिणार होतो. पण ते खरे नाही.

तुझी लाल खिडकीची ताकीद मिळाली. खिडकी त्याच्या आधीच आली होती. खरे सांगतो, तुझे पत्र वाचून मला तुझाच संशय आला की हिला आधीच कसे कळले. त्या खिडकीवर लाल ढालीचे चित्र होते. म्हणाली, तुमच्या घरात चोर आहेत, मी दाखवतो. मी दाबले. तिने भराभर सगळे कप्पे धुंडाळले आणि भली मोठी यादी काढली. आपला फुकटवाला रोज 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणत बसला होता आणि ही पहिल्याच दिवशी यादी काढते! मी म्हटले, हा खरा पाणकर. पहिल्याला काढले नाही. दोघांना राहू दिले, एकाची नजर दुसऱ्यावर राहावी म्हणून. तर ही ढाल रोज सांगू लागली की पहिला पहारेकरीच चोर आहे. तिने माझ्याकडे कार्डाचा नंबर मागितला, तो मी दिला नाही. म्हणजे मी अगदीच बावळट नाही हे लक्षात घे.

यादीत सगळ्यात वर दर वेळी एकच नाव. प्रेमिलाच्या कप्प्याचे.

महिना-सव्वा महिना मी ते मनात ठेवले. भाऊबीजेला तिचा भाऊ आला. सगळे जेवायला बसलो होतो. मला राहवले नाही. मी म्हणालो, "प्रेमिला, सारे चोर तुह्याच कप्प्यातून घुसून रायले. काय लपवतस तेथी?" तिच्या भावाचा घास हातातच राहिला. तुझी मामी माझ्याकडे पाहत होती, ती तशी कधी पाहत नाही.

प्रेमिला उठली, हात धुतले आणि म्हणाली, "चला जी, उघडून दावतो. पण बाबाजी, तुमी मले इचारलं नाही. त्या डब्याले इचारलं."

समोरच्या खोलीत गेलो. कंप्युटर लावला तर तो पुढे सरकेना. दोन्ही पहारेकऱ्यांच्या खिडक्या एकीवर एक उघडत होत्या आणि मध्ये काही दिसेना. तिने तासभर खटपट केली. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ तो मोटारसायकलवर बांधून गोंदियाला घेऊन गेला. मुन्नालालने सांगितले की सगळे पुसून नव्याने भरावे लागेल. पुसले. त्या कप्प्यात काय होते ते आता कोणालाच दिसणार नाही.

ती स्वयंपाक करते, मामीचे पाय दाबते, मला चहा देते. बोलत नाही. तू तिची बाजू घेशील हे मी जाणतो. पण मला एवढे सांग, काही नव्हते तर दार का लोटून घ्यायची? आणि मला असे वाटते की तुला ते माहीत आहे.

देवचंद

*

नागपूर
१९ नोव्हेंबर २००८

ती. मामा,

हो. मला माहीत होतं.

आधी त्या लाल ढालीचं सांगते. ती पहारेकरी नव्हतीच. चोर तीच होती. ती काही शोधत नाही. कंप्युटरवर दिसतील ती नावं उचलते आणि समोर मांडते, आणि ज्या कप्प्यात सगळ्यात जास्त सामान असेल त्याचं नाव वर घालते, म्हणजे माणूस घाबरतो. अशा ढालींना मी आमच्या कॉलेजात रोज हाकलते. तुम्हाला फसवायला तिला काही विशेष करावं लागलं नाही. 'घरात चोर आहे' एवढंच म्हणावं लागलं. जो 'सगळं ठीक आहे' म्हणतो त्याच्यावर तुमचा कधी विश्वास बसला नाही, आणि जो चोर दाखवतो त्याला तुम्ही कधी विचारलं नाही की तू कोण.

वहिनीच्या कप्प्यात धडे होते. तिला समोरच्या खोलीत गावातल्या मुलींसाठी कंप्युटरचा वर्ग काढायचा होता. माउस कसा धरायचा इथपासून मराठीत, चित्रांसकट, सगळं स्वतः लिहून काढलं होतं. शेवटच्या धड्यांवर आली होती. मला अधूनमधून एखादा पाठवायची, मी तपासून द्यायची. सगळ्यांची एक प्रत दुसरीकडे ठेवून द्यायचं आम्हा दोघींनाही सुचलं नाही, मी तपासलेले चार-सहा तेवढे माझ्याजवळ आहेत. मी या धंद्यातली असून मला सुचू नये, याची मला लाज वाटते.

तुम्हाला का सांगितलं नाही? कारण तुम्ही आधी रायपूरला पत्र टाकलं असतं, मग गोंदियाला चौकशी, मग मुलींच्या बापांची चौकशी, आणि वर्ग सुरू होण्याआधीच बंद पडला असता. ती म्हणाली, पुरा झाला की बाबाजींना एकदम दाखवीन. मी हो म्हटलं. तुम्ही विचारलंत तेव्हाही गप्प बसले. ते माझं चुकलं, मामा. तुम्हाला संशय आला तो खोटा नव्हता, आम्ही लपवत होतोच. पण ती ते तुमच्याच घरात राहता यावं म्हणून करत होती. भिलाईला न जाण्यासाठी तिला दादाला काहीतरी कारण द्यायचं होतं आणि तो वर्ग हे कारण होतं.

तिनं परवा दादाला फोन करून सांगितलं की मी येते. धान घरी आलं की तो न्यायला येईल. अजून दिवस आहेत. पत्र बाजूला ठेवा आणि आत जाऊन तिच्याशी बोला.

पुष्पांजली

*

नवेगाव बांध
४ फेब्रुवारी २००९

चि. पुष्पांजली,

अनेक आशीर्वाद. प्रेमिला महिन्यापूर्वी भिलाईला गेली. वीरेंद्र घ्यायला आला होता.

तुझे पत्र मिळाले त्याच दिवशी मी तिच्याशी बोलायला गेलो. मागच्या अंगणात तांदूळ पाखडत होती. मी बाजेवर बसलो. धड्यांचे मला कळले हे तिला सांगितले. ती म्हणाली, बरं. लाल ढाल लबाड निघाली तेही सांगितले. त्यालाही बरं म्हणाली. मग माझ्या तोंडून निघाले, "काऊन जाऊन रायलीस? कोन सांगतलं तुले?" सूप थांबले नाही. तिने खाली पाहूनच उत्तर दिले की कोणी नाही सांगितले, घरधनी तिकडे एकटा आहे. मला वाटले बोलणे झाले. मी उठलो.

त्यानंतर महिनाभर घरात धान येत होते, मजूर होते, खळ्यावर चुरणे होते. रोज मनात यायचे की पुन्हा बोलावे. रोज वाटायचे, आज नको. तिच्याच भावासमोर तिला चोर म्हटले तेव्हा मात्र मला शब्द लगेच सापडले होते.

जायच्या आदल्या दिवशी तिने कंप्युटर पुन्हा समोरच्या खोलीत मांडला. भावाची भेट आहे, तुझी तू घेऊन जा, असे मी म्हणालो. नाही म्हणाली, तुझ्या मामीला वीरेंद्र दिसला पाहिजे. वरती एक लहानसा कॅमेरा लावला. एकच पहारेकरी बसवला आणि मला समोर बसवून सगळे शिकवले. अपडेट कसे होते, खिडकी कशी बंद करायची. तिच्या शिकवण्यात घाई नव्हती. मी एकच गोष्ट तीनदा विचारली, तिने तीनदा सांगितली. मग माझ्या लक्षात आले की हाच तो पहिला धडा असणार, मुलींसाठी लिहिलेला. त्या वर्गाचा मी एकटाच विद्यार्थी झालो, पुष्पा. मला फार वाईट वाटले. मी मान खाली घालून माउस धरून राहिलो.

सकाळी जीप आली. मामी आणि ती एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. वीरेंद्र माझ्या पाया पडला आणि सामान चढवायला गेला. तीही पाया पडली. मी म्हणालो, "प्रेमिला, माह्यानं चुकलं. तू चोर नव्हतीस." ती म्हणाली, ठाऊक आहे. मग मी विचारले, हे मी त्या दिवशी बोललो असतो तर थांबली असतीस का?

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "बाबाजी, तुमी थांब म्हटलं असतं तं थांबली असती. तुमी काऊन जातस म्हनून इचारलं."

वीरेंद्रने हॉर्न वाजवायला लावला. ती गेली. मी तेव्हाही थांब म्हणालो नाही. मला म्हणायचे होते. ती मला घरात हवी होती, सुनेपेक्षाही लेकीसारखी हवी होती, आणि हे वाक्य मी आज तुला लिहितो आहे, जिला लिहून काही उपयोग नाही.

तुझी मामी चुलीपुढे पाट घेऊन बसते. शेजारच्या बकारामची बायको पाणी भरून देते, तिच्यावर मी नजर ठेवत नाही असे मामीला शब्द दिला आहे. दर रविवारी वीरेंद्र आणि प्रेमिला कंप्युटरवर दिसतात, थोडे थांबत थांबत, पण दिसतात. मागे एक नवी भिंत आहे आणि तिच्यावर कॅलेंडर. प्रेमिला तिकडे मुलींना शिकवणार म्हणते. जवळचे चार-सहा धडे तिला पाठवलेस हे चांगले केलेस.

रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की तो पहारेकरी आपणहून सगळे कप्पे पाहून येतो. पाहणी झाली की एक हिरवी खूण करतो. तुझ्या मामीला कंप्युटरमधले काही कळत नाही, पण ती त्या वेळेला दारात येऊन उभी राहते आणि विचारते, काय म्हणतो? मी इंग्रजीतले तिला मराठीत सांगतो की कोठेही धोका आढळला नाही.

काल ती म्हणाली, "आता कोन सापडन जी? आपन दोघंच तं आहो."

तुझा मामा
देवचंद